कोरी टिकली

१

गोळा जागच्या जागी होता; गोळ्याच्या आतलं मात्र गायब झालं होतं.

कंट्रोल केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर राखाडी चौकोन दिसत होता. नुसता राखाडी. ना रेघ, ना ठिपका. खुर्चीत बसलेल्या भाचीने बटण पुन्हा दाबलं. यंत्र टिकटिकलं, पडदा काळा झाला, मग उजळला, आणि पुन्हा तोच कोरा चौकोन समोर येऊन बसला.

"मुद्रा कुठाय?" संग्रहपालांनी हळू आवाजात विचारलं. "अहो, मी विचारतोय, मुद्रा कुठाय?" या वेळी केबिनच्या काचा हादरल्या.

दारात उभी असलेली आत्या एक पाऊल आत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग भाचीच्या मानेकडे. ती मान तिच्या जन्मापासूनच्या ओळखीची होती. पेपर अवघड गेला की लहानपणीही ती अशीच ताठ व्हायची.

आत्या म्हणजे या प्रकाशकेंद्राच्या किरणसुरक्षा प्रमुख. भाची त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती इथे नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी भर कँटीनमध्ये "ए आत्या!" अशी हाक मारून मोकळी झाली. तेव्हापासून सगळं केंद्र बाईंना आत्याच म्हणू लागलं. एकटे संचालक तेवढे 'मॅडम' म्हणत. संचालकांनीच आत्या म्हणायला सुरुवात केली तर शिस्तीचं काय होईल, ही त्यांची काळजी.

केंद्र म्हणजे भलंमोठं गोल कडं. त्यात इलेक्ट्रॉन अखंड पळत असतात आणि वळताना क्ष-किरणांचा प्रखर झोत बाहेर टाकतात. कड्याला जागोजाग फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला शिशाच्या भिंतींची एक खोली. आपल्या फाट्यावर भाचीने स्वतः एक कॅमेरा उभा केला होता. किरण पडले की उजळणारा कागदाहून पातळ स्फटिक, त्या उजेडाकडे बघणारा सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्या मागे कॅमेरा. केसाच्या जाडीहून बारीक रेघ वस्तू न फोडता दाखवीन, असा तिचा दावा होता, आणि आज संचालकांसमोर तो खरा करून दाखवायचा होता.

त्यासाठी संग्रहालयाने विश्वासाने दिला होता एक मातीचा गोळा. द्राक्षाएवढा, एका बुजलेल्या प्राचीन गावाच्या खोदकामात सापडलेला. काल जुन्या कॅमेऱ्याने त्याचा एक जाडाभरडा फोटो काढला, तेव्हा त्याच्या पोटात मसुरीच्या दाण्याएवढी दगडी मुद्रा दिसली होती. मुद्रेवर काहीतरी कोरलेलंही होतं.

"होडी! होडीच आहे ही!" संग्रहपाल काल अक्षरशः नाचले होते.

"होडी की पान, सांगणं कठीण आहे," त्यांच्यासोबत आलेले लिपीतज्ज्ञ गोड हसून म्हणाले होते. "उद्या कळेलच."

आणि आज मुद्राच नव्हती. रात्रभर गोळा भाचीच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली भाचीच्या खिशात.

"म्हणजे गोळा बदलला!" संग्रहपालांचं बोट सरळ भाचीवर रोखलं गेलं. "समोरचा नकली आहे. खरा हिने लंपास केला!"

२

सकाळी किती छान सुरुवात झाली होती, या विचाराने आत्याला जास्तच वाईट वाटत होतं.

सकाळच्या फेरीत ती नेहमीप्रमाणे शिशाच्या खोलीत डोकावली, तेव्हा भाची गोळा सरकत्या पाटावर बसवत होती. हा पाट म्हणजे हातभर लांबीची धातूची पट्टी. मोटर तिला डावी-उजवीकडे सरकवते. आत्याने आपल्या डबीतून एक फिकट पिवळा गोल कागद काढून भाचीला दिला. क्ष-किरण लागले की हा कागद तिथल्या तिथे निळाशार होतो; स्वतः इतका पातळ की झोताला अडवत नाही. झोत नेमका कुठे पडतो हे कळावं म्हणून आत्या असे कागद जागोजाग चिकटवायची, आणि सगळे त्यांना आत्याच्या टिकल्या म्हणायचे. ही खोड तिने भाचीलाही लावली होती. भाचीने टिकली गोळ्यापासून वीतभर दूर, पाटाच्या कडेला चिकटवली.

"आत्या, पोरीला रोज एक टिकली देता. आम्हाला कधी काही?" पाटाला तेल घालणारा मेकॅनिक म्हणाला. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत.

"तू आधी कपाळ धू," आत्या म्हणाली.

मग पाहुण्यांनी आत येऊन गोळा डोळे भरून पाहिला. लिपीतज्ज्ञांचं भिंग आतच राहिलं होतं. ते आणायला ते धावत परत गेले आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आले. भोंगा वाजला, दार बंद झालं. झोत चालू असताना हे दार कुणाच्या बापाच्याने उघडत नाही.

आणि आता तेच दार उघडून सगळे आत घुसले होते. आत्याने मोजणीयंत्र फिरवून पाहिलं, झोत बंद असल्याची खात्री केली आणि मगच बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. संग्रहपाल रागाने पुढे सरसावले. ते गोळ्यावर झडप घालणार, एवढ्यात लिपीतज्ज्ञ मध्ये आले.

"थांबा, थांबा. तुमच्या हातून पडेल," ते म्हणाले. एका हाताने पाटाला खालून आधार देत त्यांनी दुसऱ्या हाताने फूल खुडावं तसा गोळा अलगद उचलला. काय जपून वागतो माणूस, असं आत्याला त्या गडबडीतही वाटून गेलं.

"जपताय कशाला? नकलीच आहे तो!" संग्रहपाल ओरडले. "हातोडी आणा. आत्ता इथल्या इथे फोडतो."

"आणि पुरावाही नष्ट करता?" लिपीतज्ज्ञांनी समजूत घातली. "मला नेऊ द्या माझ्या प्रयोगशाळेत. नक्कल कुठल्या मातीची आहे ते तपासतो. मातीवरून चोराचा माग लागेल."

संग्रहपाल खाली बसले आणि त्यांनी डोकं धरलं. "न्या बाबा. तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

संचालकांनी फटाफट हुकूम सोडले. फाटक बंद. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती. भाचीने संचालकांच्या खोलीत बसून राहायचं. शिशाच्या खोलीला कुलूप. "आणि मॅडम, कुलूप लावण्यापुरतं तुमचं काम," ते खाली बघत म्हणाले. "नात्याचा प्रश्न आहे. तुम्ही यात पडू नका."

आत्याने कुलूप लावलं. किल्ली पदराला नव्हे, मुठीत घट्ट धरली. तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. एवढ्यात याच्यापर्यंत बातमी पोचलीसुद्धा!

"ताई, काय ऐकतोय मी? पोरीला धरून बसवलंय म्हणे?"

"तू आधी श्वास घे. मी आहे ना इथे."

"तू आहेस म्हणूनच तिला तिथे पाठवली होती," भाऊ म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. तिने फोन ठेवला, आणि संचालकांचा हुकूम खुंटीला टांगून ती तडक त्यांच्याच खोलीकडे निघाली.

भाची खुर्चीत अंग चोरून बसली होती. डोळे कोरडे होते, पण लाल.

"आत्या, मी काही केलं नाही."

"ते मला कशाला सांगतेस? दुसरं काहीतरी सांग, मला माहीत नाही असं."

भाचीने दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "गोळा बदललेला नाही. लिपीतज्ज्ञांनी उचलला तेव्हा मी त्याचं बूड बघितलं. तिथे नखाने ओढल्यासारखा चरा आहे, शेवटाला थोडा वाकडा. काल हातात आल्यापासून तो चरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तोच गोळा आहे तो, आत्या. खरा."

गोळा खरा, न फुटलेला, न उघडलेला. मग पोटातली मुद्रा गेली कुठे?

३

"बटण दाबलं की काय काय होतं ते सांग," आत्या म्हणाली. "मला ठाऊक आहे असं धरू नकोस. लहान पोराला सांगशील तसं सांग."

भाचीने खुर्ची पुढे ओढली. कामाचं बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप सरळ व्हायचा. "तीन फोटो निघतात. पहिला झोत बंद ठेवून, अंधाराचा. मग पाट बाजूला सरकतो, गोळा झोतातून दूर जातो, आणि रिकाम्या झोताचा दुसरा फोटो निघतो. कारण झोत सगळीकडे सारखा नसतो, स्फटिकावर धूळ असते, डाग असतात. मग पाट परत येतो आणि गोळ्याचा तिसरा फोटो. कॉम्प्युटर तिसऱ्याला दुसऱ्याने भागतो, म्हणजे झोताचे आणि स्फटिकाचे दोष निघून जातात. उरतं ते फक्त वस्तूचं."

"आणि हे पाहुण्यांना माहीत होतं?"

"काल अख्खी दुपार मी तेच तर समजावत होते. संग्रहपाल जांभया देत होते. लिपीतज्ज्ञ बिचारे ऐकत होते मन लावून, पण शेवटी म्हणाले, मला यातलं ओ की ठो कळलं नाही."

नटबोल्ट वर्कशॉपमध्ये तोंड पाडून बसला होता. आत्या दिसताच तो उठला. "आत्या, पोरगी असं करणार नाही. लिहून देतो."

"लिहून नको देऊस. तोंडानेच सांग. त्या पाटाला काही झालं होतं?"

"पाटाला? छे! लोण्यासारखा चालतो. काल पाहुण्यांना मीच दाखवला की सगळा. मोटर कुठली, रूळ कुठला, खालचा स्क्रू कशाला."

"कसला स्क्रू?"

"पाटाच्या पोटाखाली आहे. बोटाने फिरतो. यंत्र उचलून दुसरीकडे न्यायचं असलं की तो कसायचा, म्हणजे पाट हिंदकळत नाही. काम सुरू करण्याआधी सैल करायचा. विसरलात तर फजिती! मोटर आपली फिरते, पट्टा घसरतो, पाट जागचा हलत नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं हलला. तो पावलं मोजतो मोटरची, पाटाची नव्हे. हसले पाहुणे दोघेही."

"दोघेही? दोघांनी ऐकलं?"

"समोरच तर होते."

संग्रहपाल बागेतल्या बाकावर सापडले. पारा उतरला होता. आता नुसता थकलेला माणूस होता. आत्याला पाहून त्यांनी तोंड फिरवलं, मग स्वतःच बोलू लागले. "बाई, ती मुद्रा म्हणजे काय होती कल्पना आहे? त्या प्राचीन गावच्या लोकांना समुद्र ठाऊक नव्हता, असं आजवर सगळे मानतात. होडी कोरलेली एक मुद्रा सापडली तर तो सगळा इतिहास फिरवून लिहावा लागेल."

"सगळे मानतात, म्हणजे कोण?"

"अहो, आमचे लिपीतज्ज्ञच! जन्मभर त्यांनी हेच तर मांडलंय. पण मनाचा मोठेपणा बघा, स्वतःहून सोबत आले. खरं काय ते बघायचंय म्हणाले." त्यांनी उसासा टाकला. "फोडला असता तो नकली गोळा तर जरा राग तरी शांत झाला असता."

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. पण नुसत्या चुकचुकण्यावर कुणाला धरता येत नाही. पडद्यावरचा तो चौकोन आधी पुन्हा बघायला हवा, असं तिला वाटलं, आणि ती जवळजवळ पळतच केबिनकडे निघाली.

४

फोटो अजून पडद्यावर तसाच होता. शेजारच्या पडद्यावर तिने कालचा जाडाभरडा फोटो काढला आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहू लागली.

कालच्या फोटोत मुद्रा तर होतीच. पण मुद्रेभोवती किती काय होतं! वाळूचे कण, हवेचे बुडबुडे, सुकताना पडलेल्या भेगा. मातीच ती, अशीच असणार. आणि आजचा फोटो? एवढा बारीक बघणारा कॅमेरा, पण त्यात एक कण नाही की एक बुडबुडा नाही.

आत्याने कपाळावर हात मारला. सगळे एकच गोष्ट शोधत बसले होते, मुद्रा. मुद्रा नाही म्हणून ओरडत होते. माती नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गोळा नकली असता तरी तो मातीचाच असता, आणि मातीत खडा असतोच. कण नसलेली माती जगात नाही. म्हणजे हा रिकाम्या गोळ्याचा फोटो नव्हताच.

"नटबोल्ट!" तिने अशी हाक मारली की तो पाना हातात घेऊनच धावत आला. "भांडं रिकामं ठेवून काटा शून्यावर आणतात, आणि मग त्यात माल ओततात, बरोबर? भांड्यात माल असतानाच काटा शून्यावर आणला तर?"

"तर मालाचं वजन शून्य."

"तसंच झालंय! पाट सरकलाच नाही. रिकामा फोटो रिकामा नव्हता, त्यातही गोळाच होता. गोळ्याला गोळ्यानेच भागलं. मुद्रा गेली, माती गेली, सगळंच गेलं! कॅमेऱ्याची नजर गोळ्याहून लहान, म्हणून गोळ्याची कडसुद्धा दिसली नाही. तुझा तो स्क्रू कुणीतरी कसलाय!"

नटबोल्टचे डोळे विस्फारले. दोघं धावत सुटली. आत्याने कुलूप काढलं. नटबोल्ट गुडघ्यावर बसला, पाटाखाली हात घातला आणि त्याचा चेहरा पडला.

"स्क्रू सैल आहे, आत्या."

"नीट बघ."

त्याने बाहेरून मोटर चालू केली. पाट लोण्यासारखा डावीकडे गेला आणि लोण्यासारखा परत आला. आत्या बघत राहिली. एवढी घट्ट बांधलेली गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत उसवली होती.

५

"म्हणजे पाट सरकत होता," नटबोल्ट हळूच म्हणाला. "आपणच चुकलो."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आत्याने दाराबाहेर येऊन समोरच्या उंच खिडकीतून पाहिलं. लिपीतज्ज्ञांची गाडी निघायच्या तयारीत होती. संग्रहपाल त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी सांगत होते, बहुधा आभार मानत होते.

ती वळून पुन्हा आत आली. रिकाम्या हाताने परत जायचं? भावाला काय सांगायचं? पोर आता खोलीत एकटी बसून असेल, आणि उद्यापासून सगळे तिला चोर म्हणतील. तिचा कॅमेराही मग कुणी झाकून ठेवील, ज्याने पहिल्याच दिवशी खोटं दाखवलं तो. आत्याने मान खाली घातली, आणि तिची नजर पाटाच्या कडेवर गेली.

तिथे टिकली होती. सकाळची. फिकट पिवळी.

ती खाली वाकली, चष्मा वर केला आणि नाक पाटाला लागेल इतक्या जवळून पाहिलं. पिवळी! कोरी! एक निळा ठिपका नाही!

"नटबोल्ट, पाट बाजूला सरकला की झोत कुठे पडतो?"

"तिथेच. टिकलीवर. म्हणून तर ती पोर रोज तिथे..." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या हातातला पाना ठणकन खाली पडला.

"भाचीने सकाळी बटण एकदा नाही, दोनदा दाबलं. पाट एकदा जरी सरकला असता तरी ही निळी व्हायला हवी होती."

"पण आत्ता तर सरकतोय!"

"आत्ता. सकाळी नव्हता." आत्याने चिमट्याने टिकली उचलली आणि डबीत ठेवली. "सकाळी कसलेला स्क्रू नंतर कुणीतरी सैल केला. दुसऱ्यांदा बटण दाबल्यानंतर आणि मी कुलूप लावायच्या आधी. मधल्या वेळात पाटाला हात कुणाचा लागला? एका हाताने गोळा उचलला, आणि दुसरा हात कुठे होता?"

"पाटाखाली," नटबोल्ट पुटपुटला.

"फाटकावर फोन कर. गाडी अडवा म्हणावं!" असं म्हणत त्या वयातल्या बाईने जी धूम ठोकली, ती पाहून कँटीनमधली माणसं हातातले कप घेऊन बाहेर आली.

६

फाटकापाशी पहारेकरी अवघडून उभा होता. झडती कधीच झाली होती. लिपीतज्ज्ञांनी चष्म्याच्या घरातून गोळा काढून स्वतःच दाखवला होता. "हा नकली आहे बरं का, भिऊ नका," असं वर म्हणाले होते. संचालक आणि संग्रहपाल दोघेही तिथेच होते.

"साहेब, खाली उतरा," आत्या धापा टाकत म्हणाली.

"मॅडम!" संचालक गरजले. "मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं. आणि मी ऐकलं नाही. नंतर रागवा." तिने डबी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि टिकलीपासून सुरुवात केली. पाट, स्क्रू, भांडं आणि काटा, कण नसलेली माती, सगळं तिने एका दमात सांगितलं. संग्रहपाल आ वासून ऐकत होते. संचालक टिकलीकडे बघत राहिले.

"रंजक आहे," लिपीतज्ज्ञ शांतपणे म्हणाले. "पण मेकॅनिक स्क्रू सैल करायला विसरला असेल. माझा काय संबंध?"

"विसरला असता तर स्क्रू अजून कसलेलाच सापडला असता. विसरलेला स्क्रू आपोआप सैल होत नाही. तो कसला त्याने, जो भिंग आणायला एकटा परत गेला. आणि सैल केला त्याने, ज्याने गोळ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही."

"संग्रहपालही तिथे होते. त्यांनीही स्क्रूची माहिती ऐकली होती."

"ऐकली होती. पण ते हातोडी मागत होते," आत्या म्हणाली. "गोळा फोडला असता तर मुद्रा टुणकन बाहेर पडली असती आणि सगळं बिंग फुटलं असतं. ज्याला ते ठाऊक होतं तो हातोडी मागणार नाही. तो हातोडी थांबवणार. साहेब, खरा गोळा पळवणं कठीण होतं. म्हणून तुम्ही तो खोटा ठरवलात. सगळे चोरी झालेल्या गोळ्याचा शोध घेत बसले, आणि तुम्ही खरा गोळा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वर आभार घेऊन, घेऊन चाललात."

लिपीतज्ज्ञांनी हसायचा प्रयत्न केला. हसू अर्ध्यावर अडकलं. मग त्यांनी चष्म्याच्या घरातून गोळा काढून हातात घेतला, आणि आत्याला वाटलं की आता हा माणूस तो जमिनीवर आपटणार. पहारेकरी पुढे झाला. पण त्यांनी आपटला नाही. अंगठ्याने त्यांनी गोळ्याचं बूड चाचपलं, त्या वाकड्या चऱ्यावरून बोट फिरवलं, आणि गोळा संग्रहपालांच्या तळहातावर ठेवला.

"काल फोटो बघितला आणि रात्रभर झोप लागली नाही," ते म्हणाले. "पान नव्हतं ते. मला पहिल्या नजरेतच कळलं होतं."

"मग बोलायचं होतं ना!" संग्रहपालांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "एवढ्या वर्षांची ओळख आपली. आणि त्या पोरीवर बोट दाखवलं मी. तुम्ही बघत उभे राहिलात."

लिपीतज्ज्ञांनी मान खाली घातली.

७

भाचीला आणायला आत्या स्वतः गेली नाही, संचालक गेले. वाटेत त्यांच्यात काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण केबिनमध्ये शिरताना संचालकांचे कान लाल होते आणि भाची सरळ चालत होती. संग्रहपाल तिच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी गोळाच दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"मी कुणाला हात लावू देणार नाही. तूच बसव."

भाचीने गोळा घेतला. नटबोल्टने पाटाखालचा स्क्रू भाचीकडून, संचालकांकडून आणि जाता जाता पहारेकऱ्याकडूनसुद्धा तपासून घेतला. आत्याने डबीतून नवी टिकली काढली. भोंगा वाजला, दार बंद झालं.

"आत्या, तू बटण दाब," भाची म्हणाली.

"मी कशाला? माझं काम कुलपापुरतं."

"दाब गं."

आत्याने बटण दाबलं. यंत्र टिकटिकलं. अंधाराचा फोटो झाला. पाट सरकल्याची बारीक घरघर ऐकू आली, आणि ती परत येताना पुन्हा ऐकू आली.

पडदा उजळला.

आधी माती दिसली. कण, बुडबुडे, भेगा, सगळा कचरा, आणि तो बघून आत्याला इतकं बरं वाटलं की तिला हसू फुटलं. मग मधोमध मुद्रा. भाचीने चाक फिरवलं, चित्र मोठं झालं आणि कोरीव रेघा वर आल्या. होडी होती. शीड होतं, वल्ही होती. कालच्या फोटोत न दिसलेली आणखी एक गोष्ट होती. होडीच्या टोकाला दोन माणसं बसली होती, एक मोठं, एक लहान, आणि मोठ्याचा हात लहानाच्या पाठीवर होता.

संग्रहपालांनी सरळ लहान मुलासारखी टाळी वाजवली. नटबोल्टने शिट्टी घातली. संचालक पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि वळून म्हणाले, "हा कॅमेरा राहील. हिच्याच हाताखाली राहील. आणि आत्या, उद्या मला त्या टिकल्यांची एक डबी पाठवा."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. संचालकांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्यांनी घसा खाकरला, पण शब्द परत घेतला नाही.

झोत बंद करून भाची आत गेली आणि टिकली घेऊन आली. निळीशार झाली होती. तिने ती आत्याच्या ओळखपत्रावर, फोटोतल्या कपाळावर, नीट मधोमध चिकटवली.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. भाऊच होता. तिने फोन भाचीच्या हातात दिला आणि पडद्यावरच्या त्या दोन माणसांकडे बघत राहिली.

"बाबा," भाची म्हणत होती, "आत्याने होडी शोधली."